कापण्याची परवानगी

१६ जून

मागच्या सत्राच्या उत्तरपत्रिका आज एकदाच्या संपल्या. स्थल-विशिष्ट पुनर्संयोजनावर दहा गुणांचा प्रश्न होता. बहुतेकांचं उत्तर एकाच साच्यातलं : एन्झाइम डीएनएवरची ठरावीक जागा ओळखतं, तिथे कापतं, तुकड्यांची अदलाबदल करतं आणि जोडून टाकतं. झालं. यातलं एकही वाक्य चूक नाही, त्यामुळे गुण द्यावेच लागतात. पण वाचताना चडफडायला होतं. ज्यात सगळी गंमत आहे तेवढंच नेमकं गाळलंय.

नुसतं कापणारी एन्झाइमं आमच्या डीप फ्रीजमध्ये वजा वीसला पडून आहेतच. ईको-आर-वन पाण्याचा एक रेणू वापरून साखळी तोडतं आणि चालू लागतं. मागे राहतात मोकळी टोकं. ती जोडायची तर लायगेज आणा, ऊर्जा पुरवा. परीक्षानळीत हे चालून जातं. जिवंत जिवाणूच्या पोटात दुपदरी डीएनएचं मोकळं टोक म्हणजे आणीबाणी असते : रेक-बीसीडी नावाचं यंत्र अशा टोकाला लागलं की तिथून आत खातच सुटतं. तेव्हा आपल्या गुणसूत्राचा एखादा भाग रोजच्या रोज काढणं, घालणं, उलटवणं ज्यांच्याकडे आहे त्या एन्झाइमांना टोक मोकळं सोडून भागत नाही.

आणि ती सोडतच नाहीत. पी-वन या फाजचं, म्हणजे जिवाणूंच्या एका विषाणूचं, क्रे घ्या. कापताना ते पाण्याला हात लावत नाही. त्याच्या ३४३ अमिनो आम्लांपैकी ३२४ व्या जागेवरचं टायरोसिन स्वतः डीएनएच्या फॉस्फेटवर चाल करतं. साखळी तुटते, पण तुटलेलं एक टोक त्या टायरोसिनलाच पक्क्या रासायनिक बंधाने धरलेलं राहतं. तुटलेल्या बंधातली ऊर्जा या नव्या बंधात शाबूत असते. म्हणून पुन्हा जोडताना एटीपीचा एक रेणूही खर्च होत नाही. डीएनएचं एक अक्षर गळत नाही, एक नवं लागत नाही.

एवढं जरी कुणी लिहिलं असतं तरी मी आठ दिले असते.

१७ जून

वर्गात सुतळी घेऊन गेले. मामांकडून गठ्ठा बांधायची मागून घेतली आणि लाल स्केचपेनने तिच्यावर दोन बाण काढले. बाण म्हणजे लॉक्स-पी, क्रेची जागा : ३४ अक्षरं, दोन कडांना तेरा-तेरा आणि मध्ये आठ. कडेच्या तेरांवर क्रेचा एकेक रेणू बसतो. त्या दोन्ही कडा एकमेकींच्या उलट प्रतिमा आहेत, त्यामुळे त्यांच्याकडे बघून उजवं-डावं काही कळत नाही. दिशा येते ती मधल्या आठांमुळे. ए टी जी टी ए टी जी सी. समोरच्या पदरावर उलटीकडून वाचलं तर जी सी ए टी ए सी ए टी येतं, म्हणजे तेच येत नाही. आठ अक्षरांच्या या लंगडेपणावर सगळं पुढचं अवलंबून आहे.

मुलांना म्हटलं, बाणावर बाण ठेवा, टोकं एकाच दिशेला येतील असे, मग तिथे कापून आडवं जोडा. दोन्ही बाण एकाच दिशेला होते त्यांच्या हातात सुतळीचं एक कडं सुटून आलं. समोरासमोर होते त्यांचा मधला भाग जागच्या जागी उलटा फिरला. मागच्या बाकावरच्या दोघांनी दोन वेगळी कडी घेतली होती, त्यांचं एक मोठं कडं झालं. एन्झाइम तेच, जागा तीच. काढणं, उलटवणं की घालणं हे बाण कुठे नि कसे आहेत त्यावर ठरतं. गलका खूप झाला. शेजारच्या वर्गातून सर डोकावून गेले.

सुतळी जे दाखवू शकत नाही ते मग फळ्यावर. क्रेचे चार रेणू दोन जागांना एकत्र आणतात, पण एका वेळी चारातले दोनच कामाचे असतात. आधी एकेक पदर तुटतो, अदलाबदल होते, जुळतो. या क्षणी चारही हात एका चौकात गुंतलेले असतात; रॉबिन हॉलिडेने १९६४ मध्ये पुनर्संयोजनासाठी मांडलेली ती हीच जोडणी. मग चौक किंचित बूड बदलतो, बसलेले दोन रेणू जागे होतात, जागे होते ते बसतात, आणि दुसरे पदर बदलले जातात. दोन काप एकमेकांपासून सहा अक्षरं दूर. एकाच डीएनएचे दोन्ही पदर एका क्षणी तुटलेले कधीच नसतात. मधली अक्षरं जुळली नाहीत तर काम अर्ध्यावर अडतं आणि आल्या पावली मागे जातं. ग्रेगरी व्हॅन ड्यून आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये क्रे-लॉक्सची स्फटिकरचना छापली तेव्हापासून हे सगळं नुसतं अनुमान राहिलेलं नाही, दिसतं.

क्रेला दुसरं कुणी लागत नाही. साहाय्यक प्रथिन नको, डीएनएला पीळ असायची अट नको. म्हणून तर नॅट स्टर्नबर्गने १९८१ च्या सुमारास पी-वनमध्ये ओळखलेली ही जोडी ब्रायन सॉअरने १९८७ मध्ये यीस्टमध्ये आणि पुढच्याच वर्षी सस्तन प्राण्यांच्या पेशींत चालवून दाखवली, आणि आज उंदरांवर काम करणाऱ्या असंख्य प्रयोगशाळांत ती आहे. पुण्यात असलेला माझा एक जुना विद्यार्थी दिवसभर क्रेचे उंदीरच सांभाळतो.

पण क्रेवरून बाकीच्यांची कल्पना करू नये. जिवाणूंच्या स्वतःच्या संसारात असं मोकाट एन्झाइम परवडत नाही. कापण्याचं रसायन स्वस्त आहे, उलटसुलट दोन्हीकडे चालणारं आहे. महाग आहे ती परवानगी.

२० जून

साल्मोनेलाचं प्रात्यक्षिक. टायफीम्युरियमचा संदर्भ-वाण काढला. स्लाइडवर एक थेंब 'आय' सीरम, त्यात वसाहतीचा कण मिसळला आणि स्लाइड हलवली. अर्ध्या मिनिटात दह्यासारख्या गुठळ्या. शेजारी '१,२' सीरमचा थेंब दुधाळच्या दुधाळ. म्हणजे हे जिवाणू या घडीला 'आय' जातीची कशाभिका घालून फिरताहेत, पहिल्या फेजमध्ये आहेत. दुसरी कशाभिका त्यांच्या जनुकांत आहे, अंगावर नाही.

ती अंगावर आणायची तर क्रेगीची नळी. छोट्या बाटलीत पातळ अगार, इतका पातळ की बाटली कलंडवली तर डचमळतो. त्यात 'आय' सीरम मिसळलेलं. आणि मधोमध दोन्ही टोकं उघडी असलेली काचेची बारीक नळी उभी, वरचं तोंड अगारच्या बाहेर येईल अशी. तारेच्या टोकाने जिवाणू नळीच्या आत टेकवायचे, बाहेर नाही. 'आय' घातलेले सगळे जागीच सीरममध्ये अडकतात. ज्याने कशाभिका बदलली आहे तोच नळीतून खाली पोहत जातो, खालच्या तोंडातून बाहेर पडतो आणि बाहेरच्या बाजूने वर येतो. उद्या बाहेरच्या पृष्ठभागावरून नमुना घ्यायचा.

सीरमच्या बाटलीची किंमत ऐकून मुलं गप्प झाली. एका बाटलीवर दोन-तीन बॅच काढाव्या लागतात, म्हणून थेंब मीच टाकते, कुणाला टाकू देत नाही.

२१ जून

नळीच्या बाहेरचा नमुना : 'आय'ला काही नाही, '१,२'ला लख्ख गुठळ्या.

एक मुलगी म्हणाली, "मॅडम, सीरम घातलं म्हणून ते बदलले ना?" हा प्रश्न दर वर्षी येतो आणि यायलाच हवा. सीरमने काही बदललं नाही. बदललेले आधीच होते, हजारात एक ते लाखात एक अशा प्रमाणात, पिढी दर पिढी. सीरमने फक्त बाकीच्यांची वाट अडवली. फ्रेडरिक अँड्र्यूजने १९२२ मध्ये साल्मोनेलाच्या या दोन फेज वर्णन केल्या आणि स्टॉकरने १९४९ मध्ये बदलाचा वेग मोजला. पण आत नेमकं काय हलतं हे कळायला १९७७ साल उजाडलं. सॅन डिएगोमध्ये मेल्विन सायमनच्या गटाला दिसलं की गुणसूत्रातला सुमारे हजार अक्षरांचा एक तुकडा जागच्या जागी उलटा होतो. जनुक सुरू करणारी खूण त्या तुकड्यात आहे. तोंड एका बाजूला असेल तर दुसऱ्या फेजची कशाभिका तयार होते, सोबत पहिलीला दाबून टाकणारं प्रथिनही. तोंड फिरलं की दोन्ही बंद, आणि पहिली आपोआप सुरू.

तुकडा उलटवणारं एन्झाइम हिन. त्याचं स्वतःचं जनुक त्याच तुकड्यात बसलेलं आहे, म्हणजे तेही दर वेळी उलटतं, तरी त्याला काही फरक पडत नाही.

हिन क्रेच्या घराण्यातलं नाही. इथे टायरोसिनच्या जागी सेरीन, आणि कापायची पद्धतच निराळी : चारही पदर एकदम तुटतात. सोळा तारखेला लिहिलं ते इथे खोटं पडल्यासारखं वाटतं, दोन डीएनए पूर्ण आरपार तुटलेले! पण तुटलेलं प्रत्येक टोक एकेका सेरीनच्या हातात असतं आणि ते चारही एन्झाइम-रेणू एकमेकांना धरून असतात. मग अर्धा संच उरलेल्या अर्ध्यावर १८० अंशांत फिरतो आणि टोकं नव्या जोडीदारांसमोर येतात. इतकं धरून ठेवून फिरायचं कसं, हे बराच काळ कुणाला पटत नव्हतं. २००५ मध्ये येलमध्ये स्टाइट्झ आणि ग्रिंडली यांच्या गटांनी हिनच्याच एका भाऊबंदाची, गॅमा-डेल्टा रिझॉल्व्हेजची, तुटलेल्या अवस्थेतली रचना काढली. दोन अर्ध्यांमधला पृष्ठभाग सपाट आणि तेलकट निघाला. जातंच : वरची तळी खालच्या तळीवर फिरते, पण उचलली जात नाही. फिरून समोर आलेली मधली दोन अक्षरं जुळली तर सांधतं, नाही तर आणखी अर्धा फेरा आणि होतं तसं.

आता परवानगी. तुकड्याच्या दोन कडांवर हिनच्या २६ अक्षरी जागा आहेत, पण तेवढ्याने हिन ढिम्म हलत नाही. आत एक तिसरी जागा आहे, तिच्यावर फिस नावाचं प्रथिन बसलेलं हवं. डीएनए पिळलेला हवा. आणि पिळामुळे तिन्ही जागा एका गुंत्यात एकमेकींजवळ यायला हव्यात. त्या गुंत्यात दोन कडा समोरासमोर तोंड करूनच बसू शकतात. दोन वेगळ्या डीएनएवरच्या जागा असतील तर तो गुंता जमतच नाही. म्हणून हिन उलटवतं. तुकडा कापून बाहेर टाकत नाही, दोन गुणसूत्रं एकत्र शिवत नाही. निर्णय रसायनात नाही. तो डीएनएच्या पिळात आहे.

२२ जून

वर्गानंतर तीच मुलगी बाबांचा लॅब-रिपोर्ट घेऊन आली. टायफॉइडची विडाल चाचणी. टीओ, टीएच, एएच, बीएच. "यात टायफीची दुसरी फेज का नाही?" कारण टायफीकडे ती बहुधा नसतेच. टायफीत दुसऱ्या कशाभिकेचं जनुक नाही, तेव्हा उलटवायला काही नाही. पॅराटायफी-बीला मात्र दोन्ही फेज आहेत. बाबांना कसं आहे विचारलं तर म्हणाली, ताप उतरलाय, जेवतात. बरं झालं.

२५ जून

लॅम्डा. यावर प्रत्येक पुस्तकात प्रकरण आहे, म्हणून थोडक्यात उरकलं. एस्थर लेडरबर्गना १९५० च्या सुमारास ई. कोलायच्या के-१२ वाणात लपलेला हा फाज सापडला. ॲलन कॅम्पबेलने १९६२ मध्ये कागदावर दोन वर्तुळं काढून सांगितलं की फाजचा डीएनए आधी कडं होतो आणि एका सांध्याने गुणसूत्रात शिरतो, गॅल आणि बायो या जनुकांच्या मधोमध. हॉवर्ड नॅशने १९७५ मध्ये हेच परीक्षानळीत करून दाखवलं.

थांबले ती एकाच गोष्टीपाशी. जिवाणूच्या बाजूची जागा पंचवीसेक अक्षरांची, फाजच्या बाजूची सुमारे २४०. सांधायला दोन्हीकडे सारखी असलेली १५ अक्षरं पुरतात, मग एवढा पसारा कशाला? तो पसारा म्हणजे परवानगीचा कागद. यजमानाचं आयएचएफ हे प्रथिन त्यावर बसून डीएनएला जवळजवळ पूर्ण उलटा वाकवतं, तेव्हा कुठे इंटिग्रेज या फाजच्या एन्झाइमला दोन्ही ठिकाणी एकदम हात पोहोचवता येतात. आत शिरलं की जागांची दोन्ही टोकं बदललेली असतात, आणि तोच इंटिग्रेज तोच सांधा उघडू शकत नाही. त्याला झिस हे आणखी एक प्रथिन लागतं. झिस फाजच्याच ताब्यात असतं. जिवाणूचा डीएनए खराब व्हायला लागला, बुडतं जहाज दिसलं, की मग ते बनतं.

रसायन दोन्हीकडे सारखंच चालतं हे मुलांना मान्य, पण जायचं-यायचं दार एक आणि दाखवायचे कागद दोन, हे पटायला वेळ लागतो.

२७ जून

आज झेर. माझ्या मते या सगळ्या घराण्यातलं हे सगळ्यात सभ्य प्रकरण, आणि पुस्तकांत सगळ्यात कमी जागा यालाच.

ई. कोलायचं गुणसूत्र म्हणजे ४६ लाख अक्षरांचं एक बंद कडं. त्याची प्रत काढताना दोन बहीण-कडी एकमेकींशी तुकडे बदलतात, ते दुरुस्तीसाठी गरजेचंच असतं. ही अदलाबदल विषम वेळा झाली तर दोन कड्यांचं एकच दुप्पट कडं होऊन बसतं. शंभरातल्या दहा-पंधरा पेशींत हे होतं. पेशीच्या मधोमध भिंत उभी राहायला लागते आणि गुणसूत्र दोन्हीकडे लोंबकळत असतं. मिटली भिंत की गेलं.

सोडवणूक एकाच जागेवर होते, डिफ, २८ अक्षरांची, प्रत येऊन संपते त्या भागात. तिच्यावर झेर-सी आणि झेर-डी ही दोन टायरोसिन एन्झाइमं शेजारी शेजारी बसतात, दोघांना अकरा-अकरा अक्षरं, मध्ये सहा. दोघं क्रेचे चुलत भाऊ. पण इथे ती दोघं मिळूनही आपापलं काम पुरं करू शकत नाहीत. झेर-सी अधूनमधून आपले पदर तोडतं आणि परत जोडतं, त्यातून काही निष्पन्न होत नाही. पहिला कामाचा काप झेर-डीने घालायचा असतो, आणि झेर-डी निष्क्रिय बसलेलं असतं.

त्याला जागं करणारा एफटीएस-के भिंतीत रोवलेला असतो. सहा रेणूंचं कडं, मधून डीएनए ओढणारं, सेकंदाला पाच हजार अक्षरांच्या आसपास वेगाने. कुठल्या दिशेला ओढायचं? गुणसूत्रभर आठ अक्षरी खुणा पेरलेल्या आहेत, जी जी जी, मग कोणतंही एक, मग ए जी जी जी, आणि त्यातल्या बहुतेकांचं तोंड डिफकडे. एफटीएस-के त्या वाचत ओढत राहतो. दोन्ही डिफ भिंतीपाशी, अगदी मिटणाऱ्या दारात आले की त्याचं टोक झेर-डीला टेकतं. मग झेर-डी कापतं, झेर-सी उरलेलं पुरं करतं, आणि एका दुप्पट कड्याची दोन कडी होतात.

इथे मी मुलांना उलटा प्रश्न विचारला. डिफवर हे पुनर्संयोजन कधीही होऊ दिलं असतं तर काय बिघडलं असतं? थोडा वेळ शांतता, मग पहिल्या बाकावरून उत्तर आलं : सुट्या दोन कड्यांचीही दुप्पट झाली असती. बरोबर. जे एन्झाइम सोडवू शकतं तेच गुंतवूही शकतं. फरक एवढाच की परवानगी फक्त भिंतीपाशी मिळते, आणि भिंतीपाशी दोन्ही डिफ तेव्हाच अडकून राहतात जेव्हा कडं खरोखरच दुप्पट असतं. सुटी कडी केव्हाच आपापल्या घरी गेलेली असतात.

१९९१ मध्ये दोन गटांनी वेगवेगळं डिफ शोधलं. त्यातल्या एका गटाचे डेव्हिड शेराट. प्लाझ्मिडांचे असेच गुंते सोडवणारी 'सेर' ही जागा त्यांनी त्याआधीच धुंडाळलेली होती.

३० जून

एकादशी तोंडावर आली. वारीच्या वाटेवर पाण्याच्या तपासणीला असलेल्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन. टँकर, विहिरी, बोअर, धर्मशाळांच्या टाक्या. सकाळपासून ओटी टेस्ट. नळीत पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे, नाही आला तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून पुन्हा. वाखरीकडच्या एका टाकीची जिवाणू तपासायची बाटली काळी पडली म्हणाला, म्हणजे ते पाणी बंद. आवाज बसलेला होता.

रात्री जेवताना हे सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "आमच्या टायमाला पटकीचं टोचून घेतल्याबिगर नाक्यावरनं आत सोडत नव्हते गं. दंड ही एवढा सुजायचा." मग म्हणाल्या, "आता कुठं राहिलीय पटकी?" राहिलीय, आई. कमी झालीय. टीसीएलवाल्यांच्या जिवावर.

१ जुलै

पटकी डोक्यात होतीच, म्हणून आजचा तास तिच्यावर.

कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं की जिवाणू गाळून काढलेल्या द्रवानेही सशाच्या आतड्यात पाणी भरतं. म्हणजे मारतं ते विष. पण विषाची जनुकं कुणाची? १९९६ मध्ये वॉल्डर आणि मेकालानोस यांनी ती पटकीच्या जिवाणूची, व्हिब्रिओची, नव्हेतच, सीटीएक्स नावाच्या एका दोऱ्यासारख्या फाजची आहेत, असं दाखवलं तेव्हा भल्याभल्यांना धक्का बसला. हा फाज जिवाणूच्या ज्या केसाळ धाग्याला धरून आत शिरतो, तोच धागा जिवाणूला आपल्या आतड्यात जम बसवायला लागतो.

आत आल्यावर त्याला गुणसूत्रात बसायचंय. लॅम्डासारखा इंटिग्रेज त्याच्याकडे नाही. जीनोम जेमतेम सात हजार अक्षरांचा, त्यात एवढ्या चैनीला जागा कुठली? २००२ मध्ये ह्यूबर आणि वॉल्डर यांनी सांगितलं की तो यजमानाचेच झेर-सी, झेर-डी वापरतो आणि बसतो कुठे, तर थेट डिफवर.

हे वाचून पहिला प्रश्न हाच पडायला हवा की परवानगीचं काय? झेर-डी तर एफटीएस-केच्या स्पर्शाशिवाय कापत नाही.

उत्तर २००५ मध्ये फ्रान्समधून आलं, बार आणि माझेल यांच्या मंडळींकडून. हा फाज पेशीत येतो तो एकपदरी डीएनए घेऊन. त्या एका पदरावर दोन खुणा उलट्या तोंडांनी आहेत. पदर स्वतःवरच दुमडतो, खुणा समोरासमोर येतात आणि डिफसारखी दिसणारी एक दुपदरी जागा तयार होते. झेर-सी, झेर-डी फसून तिच्यावर बसतात. आणि मग झेर-सी कापतं, ते एरवीही अधूनमधून कापतच असतं; त्याला परवानगी लागत नाही, कारण एरवी त्या कापातून काहीच साधत नाही. इथे साधतं. एकच पदर बदलतो, चौक तयार होतो, दुसऱ्या पदरांची अदलाबदल होतच नाही. पुढच्या खेपेला गुणसूत्राची प्रत निघते तेव्हा तो अर्धवट चौक आपोआप सुटतो आणि एका लेकीच्या गुणसूत्रात फाज बसलेला असतो. एफटीएस-के कुठेच आला नाही.

मला यातलं सगळ्यात बेरकी वाटतं ते यापुढचं. दुपदरी झाल्यावर फाजची ती दुमडलेली जागा उरत नाही, त्यामुळे आलेल्या वाटेने बाहेर पडायची सोय नाही. आणि आत बसतानाही तो डिफ मोडत नाही. कामाचं एक डिफ शिल्लक ठेवतो. मोडलं असतं तर दर पिढीला दहा-पंधरा टक्के पेशी भिंतीत अडकल्या असत्या आणि असा जिवाणू केव्हाच मागे पडला असता. पाहुणा घर ताब्यात घेतो, पण दरवाजा चालू ठेवतो.

तास संपल्यावरही तिघी-चौघी फळ्यापाशी उभ्या होत्या. झेर-सी आधी की झेर-डी आधी, यावर वाद. याचसाठी शिकवायचं.

४ जुलै

माझेलचं नाव निघालंच होतं, म्हणून इंटिग्रॉनवर दोन ओळी. प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुकं सुट्या डब्यांसारखी एकामागे एक जोडणारी ही यंत्रणा. ऑस्ट्रेलियात स्टोक्स आणि हॉल यांनी १९८९ मध्ये तिला नाव दिलं. तिथेही एन्झाइम टायरोसिनचंच, आणि तिथेही डब्याची जागा एकपदरी दुमडूनच ओळखली जाते. तिची परवानगी २००९ मध्ये सापडली : डीएनए धोक्यात आल्याची जी हाक पेशीत उठते, तीच हा इंटिग्रेज सुरू करते. काही प्रतिजैविकं नेमकी हीच हाक उठवतात. म्हणजे अर्धवट सोडलेला कोर्स जिवाणूला कपाट उघडायची सूचना देतो. औषधाच्या दुकानातून दोनच गोळ्या मागणाऱ्यांना हे कसं समजवायचं, ते मला तरी जमलेलं नाही.

८ जुलै

विद्यापीठाकडे प्रश्न पाठवायची शेवटची तारीख. जुना प्रश्न काढून टाकला. नवा असा : 'एका जिवाणूच्या वाणात झेर-सी, झेर-डी आणि डिफ शाबूत आहेत, पण एफटीएस-केचा शेवटचा भाग काढून टाकला आहे. (अ) दुप्पट झालेल्या गुणसूत्राचं काय होईल? (ब) याच वाणात सीटीएक्स फाज गुणसूत्रात बसू शकेल का? कारणं द्या.' दहा गुण.

सहकारी म्हणाल्या, अवघड आहे, नापासांची संख्या वाढेल. मॉडेल उत्तर त्यांना वाचून दाखवलं. (अ)ला पाच : सुटणार नाही, झेर-डी जागं होत नाही. (ब)ला पाच : बसेल, सुरुवात झेर-सीची असते. नुसतं 'एन्झाइम कापतं आणि जोडतं' लिहिणाऱ्याला एक. त्यांनी दीड करायला लावला.